जेवणाच्या रांगेतली अमेरिका

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत जेवणाची सुट्टी बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटांची असते. तेवढ्यात रांगेत उभं राहायचं, ट्रे भरून घ्यायचा, खायचं आणि वर्गात परतायचं. ट्रेला खण असतात. एका खणात चौकोनी पिझ्झा किंवा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून भाजलेले चिकनचे तुकडे, दुसऱ्यात वाफवलेला मका किंवा बोटाएवढी गाजरं, तिसऱ्यात सफरचंदाच्या फोडी. शिवाय पुठ्ठ्याच्या खोक्यातलं पाव लिटरभर दूध. रांगेच्या टोकाला गल्ला, आणि गल्ल्यावर केसांना जाळी बांधलेली एक बाई. मुलगा समोरच्या आकड्यांच्या पाटीवर आपला क्रमांक दाबतो आणि बाईच्या पडद्यावर त्याचं नाव नि खात्यातली शिल्लक उमटते.

या मुलाला शाळेची पिवळी बस घराजवळून घेऊन आलेली असते. वर्ग, पुस्तकं, वाचनालय, व्यायामशाळा, सगळं करदात्यांच्या पैशांतून. आईवडील किती कमावतात, हे त्याला दिवसभरात कुणी विचारलेलं नसतं. तो प्रश्न येतो फक्त इथे, ताटात अन्न पडल्यावर. एवढ्या श्रीमंत देशाचं घोडं नेमकं पोरांच्या जेवणापाशी का अडावं? उत्तर शोधायला गेलं की शेतमालाचे भाव, वर्णभेद, खाद्यउद्योग आणि स्वावलंबनाचा अभिमान, हे सगळं त्या एका ट्रेत सापडतं.

एक ताट, तीन दर

राष्ट्रीय शालेय भोजन योजनेत रोज सुमारे तीन कोटी मुलं जेवतात. योजना चालवतं कृषिखातं. केंद्रीय शिक्षणखात्याकडे ती नाही. मुलांचे तीन गट पाडलेले आहेत. कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत. १३० ते १८५ टक्क्यांच्या मधल्यांना सवलतीचा दर, जास्तीत जास्त चाळीस सेंट. त्यावरच्यांना पूर्ण दर, साधारण तीन डॉलरांच्या घरात. २०२५-२६ च्या शालेय वर्षात चौघांच्या कुटुंबासाठी पहिली रेघ ४१,७९५ डॉलरांवर होती आणि दुसरी ५९,४७८ डॉलरांवर.

अलास्का आणि हवाई सोडले तर बाकीच्या ४८ राज्यांना हीच रेघ लागू. एखाद्या महागड्या शहरात साठ हजार डॉलरांत चौघांनी राहायचं म्हणजे निम्म्याहून अधिक पगार भाड्यातच जायचा. मिसिसिपीच्या खेड्यात त्याच पैशांत घर बऱ्यापैकी चालेल. कायद्याच्या लेखी दोघंही सारखेच ‘खाऊन-पिऊन सुखी’. आणि रेघेच्या जरासं वर असलेल्याची गत सगळ्यांत वाईट. पगारात शे-दोनशे डॉलरांची वाढ मिळाली की मुलाचं जेवण चाळीस सेंटांवरून तीन डॉलरांवर जातं. दोन मुलं असतील तर महिन्याला शंभर डॉलरांचा खड्डा.

फुकट किंवा सवलतीच्या जेवणासाठी पालकांनी अर्ज भरायचा असतो. अन्नसाहाय्य योजनेत आधीच नाव असेल तर मूल आपोआप पात्र ठरतं; इतरांना घरातल्या प्रत्येकाची मिळकत लिहून द्यावी लागते. इंग्रजी नीट न येणारे, कागदपत्रांची धास्ती असलेले, किंवा ‘आमच्यावर एवढी वेळ आलेली नाही’ असं म्हणणारे कितीतरी पालक हा अर्ज भरतच नाहीत. मुलाच्या खात्यात पैसे नसतात आणि पडद्यावरचा आकडा शून्याच्या खाली जातो.

शिल्लक धान्य, कमी पडलेले जवान

ही योजना जन्मली तीच शेतकऱ्याच्या पोटी. १९३० च्या दशकातल्या महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले. सरकारनं भाव सावरायला माल विकत घ्यायला सुरुवात केली, आणि साठलेल्या मालाचं करायचं काय म्हणून तो शाळांकडे वळवला. रोजगार हमीसारख्या सरकारी कामांवर लागलेल्या बायका तो शिजवून वाढू लागल्या. मग दुसरं महायुद्ध आलं. सैन्यभरतीचे प्रमुख जनरल लुइस हर्शी यांनी १९४५ मध्ये संसदेपुढे साक्ष दिली, की भरतीत नापास झालेल्या कितीतरी तरुणांच्या प्रकृतीचं मूळ लहानपणच्या अर्धपोटी राहण्यात होतं. पोरांच्या भुकेला आता लष्करी महत्त्व आलं.

४ जून १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी कायद्यावर सही केली. कायद्याच्या उद्देशातच दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: राष्ट्रीय सुरक्षेचा उपाय म्हणून मुलांचं आरोग्य जपणं, आणि देशातल्या शेतमालाला घरचं गिऱ्हाईक मिळवून देणं. जेवण हा मुलाचा हक्क आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

कायद्याचे शिल्पकार होते जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल. १९९९ पासून कायदा त्यांच्याच नावानं ओळखला जातो. शेतकऱ्यांचे कैवारी, आणि तितकेच कट्टर वर्णविभाजनवादी. दक्षिणेतल्या राज्यांना वॉशिंग्टनचा पैसा हवा होता. वॉशिंग्टनची नजर मात्र नको होती. म्हणून मोफत जेवण कुणाला द्यायचं हे ठरवणं स्थानिक अधिकाऱ्यांवर सोडलं गेलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधून निवडून आलेले कृष्णवर्णीय खासदार अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांनी एक दुरुस्ती पदरात पाडून घेतली: गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या चालवणाऱ्या राज्यांनी निधी तरी न्यायानं वाटावा. दुरुस्ती कागदावर आली, पण तिच्यामागे लागणारं कुणी नव्हतं. शिवाय राज्यांनी घालायचा वाटा बहुतेक ठिकाणी मुलांनी भरलेल्या जेवणाच्या पैशांतूनच दाखवला जाई. म्हणजे पैसे भरणारी मुलं जिथे जास्त, तिथे योजना जोरात. शहरांतल्या जुन्या, गरीब वस्त्यांतल्या शाळांत तर स्वयंपाकघरच नव्हतं. भुकेली मुलं जिथे सर्वांत जास्त, तिथेच ताट पोचत नव्हतं.

बायकांचा अहवाल, पँथरांची न्याहारी

हे उघड्यावर आणलं ते बायकांनी. १९६८ मध्ये पाच महिला संघटनांच्या समितीनं एक अहवाल काढला. कॅथलिक, ज्यू, प्रॉटेस्टंट आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटना त्यात एकत्र होत्या. समितीच्या प्रमुख होत्या जीन फेअरफॅक्स. त्यांच्या हिशेबानं सरकारी शाळांतल्या पाच कोटी मुलांपैकी मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळत होतं ते शंभरातल्या चारांनाही नाही. कुठे मुख्याध्यापक आपल्या मर्जीनं नावं ठरवत. कुठे गरीब मुलांना वेगळ्या रंगाची कुपनं, वेगळी रांग, किंवा फुकट जेवणाच्या बदल्यात टेबलं पुसण्याचं काम.

जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्षानं सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शाळेआधी मुलांना मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली. ज्या संघटनेचं नाव घेतल्यावर आपल्या डोळ्यांसमोर १९७२ ची मुंबई आणि दलित पँथर उभे राहतात, तिचे तरुण सकाळी उठून पोरांसाठी अंडी शिजवत होते. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. या आणि जेवा. एफबीआयचे प्रमुख एडगर हूव्हर यांना पँथरांच्या बंदुकांइतकीच ही न्याहारी झोंबली, कारण तिनं पक्षाला वस्तीत घरोघरी जागा मिळवून दिली.

त्याच काळात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरही भुकेच्या प्रश्नाचं दडपण वाढत होतं. १९७० च्या कायद्यानं पात्रतेची रेघ देशभर एक झाली आणि गरीब मूल चारचौघांत ओळखू येईल असं काहीही करायला बंदी आली. आज गल्ल्यावर सगळीच मुलं क्रमांक दाबतात, ते या बंदीमुळे. सरकारी न्याहारीची योजना १९६६ पासून प्रायोगिक होती, ती १९७५ मध्ये कायम झाली. पँथरांच्या न्याहारीमुळेच ती कायम झाली असं म्हणणं सोपं उत्तर होईल. पण सरकार देत नाही ते वस्ती देऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिलं होतं एवढं खरं.

केचप, पिझ्झा आणि बटाटा

गरिबांसाठी दार उघडलं, पण खर्च कोण करणार हा प्रश्न उरलाच. १९८१ मध्ये रेगन सरकारनं अनुदानाला मोठी कात्री लावली. कमी पैशांत पोषणाचे निकष बसवायचे म्हणून कृषिखात्यानं नवे नियम प्रस्तावित केले. त्यात लोणच्यासारखी तोंडी लावणी भाजी म्हणून धरायची मुभा होती. ‘सरकार केचपला भाजी म्हणतंय’ अशी देशभर खिल्ली उडाली, विरोधी सिनेटरांनी कॅमेऱ्यांसमोर बसून तसलं जेवण करून दाखवलं आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. कात्री मात्र तशीच राहिली. दर वाढले, पूर्ण पैसे भरणारी लाखो मुलं योजनेतून गळली, आणि ती टिकवायला शाळांनी पिझ्झा, बर्गर, चिप्स असं पोरांच्या आवडीचं ठेवायला सुरुवात केली. स्वयंपाकघरं बंद होऊन गोठवलेल्या पाकिटांचे ओव्हन आले. पगार वाचावेत म्हणून स्वयंपाकिणींचे तास कमी झाले. आजही अशा कितीतरी बाया दिवसाला चार-पाच तासांच्या कामावर असतात.

२०१० मध्ये बराक ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली. मिशेल ओबामा यांनी त्याचा ध्यास घेतला होता. मीठ कमी, धान्य अख्खं, रोज फळ-भाजी सक्तीची. लगेच पुढल्याच वर्षी खाद्यउद्योगांनी ताकद दाखवली. पिझ्झ्यावर फासलेल्या दोन चमचे टोमॅटोच्या गोळ्याला अर्धा कप भाजी धरायची जुनी सवलत कृषिखात्याला काढायची होती. संसदेनं ती काढू दिली नाही. बटाटा आठवड्याला एका कपापुरता ठेवायचा नियमही बारगळला. त्यामागे मेन आणि कोलोरॅडो या बटाटा पिकवणाऱ्या राज्यांचे सिनेटर होते. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. शेतमालाच्या पोटी जन्मलेल्या योजनेत शेतमालाचं वजन असंच पडतं.

तरीही २०१० च्या कायद्यानं फरक पडला. २०२१ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, शाळेतल्या जेवणांपैकी निकृष्ट दर्जाच्या जेवणांचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आलं होतं. घर, हॉटेल, दुकान या सगळ्यांपेक्षा अमेरिकन मुलाचं शाळेतलं जेवण बरं ठरलं. चौकोनी पिझ्झ्याला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

उधारीची वही

आता त्या पडद्याकडे परत येऊ. खात्यात पैसे नाहीत, आणि मूल ट्रे घेऊन उभं आहे. काय करायचं? २०१७ पर्यंत याबद्दल लेखी धोरण असण्याचीही सक्ती नव्हती. कुठे गरम जेवण काढून घेऊन चीजचं थंड सँडविच हातात ठेवत. २०१४ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका शाळेत उधारी असलेल्या काही डझन मुलांचे ट्रे काढून घेतले, आणि वाढलेलं अन्न दुसऱ्याला देता येत नाही म्हणून कचऱ्यात टाकले. अलाबामातल्या एका शाळेत मुलाच्या हातावर ‘मला जेवणाचे पैसे हवेत’ असा शिक्का मारून घरी पाठवलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळा-जिल्ह्यानं २०१९ मध्ये पालकांना पत्रं धाडली: पैसे भरा, नाहीतर मुलं सरकारी संगोपनात जाऊ शकतात. ओरड झाल्यावर माफी मागितली.

गल्ल्यावरच्या बाईला दोष देऊन भागत नाही. संघराज्याच्या भोजननिधीतून बुडीत उधारी फेडायला मनाई आहे; ती शाळा-जिल्ह्याच्या इतर पैशांतून किंवा देणग्यांतून भरावी लागते. मोफत जेवणापोटी मिळणाऱ्या साडेचार डॉलरांच्या आसपासच्या रकमेत धान्य, दूध, वीज, पगार सगळं बसवायचं असतं. म्हणून कितीतरी ठिकाणी याच बाया आपल्या खिशातून डॉलर काढून मुलाचं जेवण सोडवतात.

सेंट पॉल, मिनेसोटा इथल्या जे. जे. हिल माँटेसरी शाळेतले फिलँडो कॅस्टील अशांपैकी एक. शाळेच्या स्वयंपाकघराचे ते पर्यवेक्षक होते. शेकडो मुलांची नावं आणि कुणाला काय चालत नाही, हे त्यांना तोंडपाठ असे. कुणाकडे पैसे नसले की ते भरत. ६ जुलै २०१६ रोजी वाहतुकीच्या तपासणीत थांबवलेल्या या ३२ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसानं गाडीतच गोळ्या घातल्या. शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं पुढचं सगळं फोनवरून थेट दाखवलं आणि जग हादरलं. पुढल्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. कॅस्टील यांच्या नावानं स्थानिक विद्यापीठातल्या एका वर्गानं पाच हजार डॉलर जमवायचं ठरवलं होतं. लाखाहून अधिक जमले आणि सेंट पॉलच्या सगळ्या सरकारी शाळांतल्या मुलांची उधारी फिटली. त्यांची आई व्हॅलरी यांनी पुढे दुसऱ्या एका शाळेतल्या शेवटच्या वर्गाची थकबाकी भरली.

या दातृत्वाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण ते अमेरिकेच्या स्वभावाचंही दर्शन आहे. करातून सगळ्यांना जेवण म्हटलं की ‘आळशांना पोसणं’ आठवतं. शेजाऱ्याच्या मुलाची उधारी चुकवायला तोच माणूस चेक फाडायला तयार असतो. देणाऱ्याचं मन मोठं राहतं, घेणाऱ्याचा मिंधेपणाही तसाच राहतो. पुढच्या महिन्यात वही पुन्हा भरायला लागते.

पोळीभाजीचा डबा आणि दाण्याचं कूट

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांना या उधारीशी सहसा देणंघेणं नसतं. तिथलं उत्पन्न रेघेच्या बरंच वर. तिथला प्रश्न वेगळा: ताटात शाकाहारी काय? कायद्याला प्रथिनाचा खण भरलेला लागतो. चीज, राजमा-घेवडा, दही, आणि २०१२ पासून टोफूही चालतो. पण प्रत्यक्षात शाकाहारी मुलाच्या वाट्याला बहुतेकदा पुन्हा पिझ्झाच. न्यूयॉर्क शहरात मात्र २०१३ मध्ये क्वीन्सच्या फ्लशिंग भागातली एक सरकारी शाळा पूर्ण शाकाहारी झाली, २०१९ पासून शहरभर सोमवार मांसाविना आणि २०२२ पासून शुक्रवार वनस्पतीजन्य पदार्थांचा. स्थलांतरितांची मुलं ज्या शहरात बहुसंख्य आहेत, तिथे ट्रे बदलतो.

डबा नेला तर आणखी एक अडचण: शेंगदाणा. दाण्याच्या अ‍ॅलर्जीनं जीव जाऊ शकतो, म्हणून कितीतरी शाळांत दाणे चालतच नाहीत किंवा तशी वेगळी टेबलं असतात. आपल्या काकडीच्या कोशिंबिरीत कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, चटणी तर दाण्याचीच. इथे आईची खरी परीक्षा. पण या परीक्षेतून एक गोष्ट शिकता येते. एका मुलाच्या जिवासाठी सगळ्या शाळेनं आपलं खाणं बदलावं, हे अमेरिकेतल्या कितीतरी शाळांनी मान्य केलं. भूक मात्र अजूनही ज्याची त्याची मानली जाते.

गल्ला उठला तेव्हा

मार्च २०२० मध्ये कोविडनं शाळा बंद पडल्या आणि केंद्रानं नियम सैल केले. पुढली दोन वर्षं देशातल्या कुठल्याही मुलाला, अर्जाशिवाय, मोफत जेवण. जून २०२२ मध्ये संसदेनं मुदत वाढवली नाही आणि गल्ले परत आले. पण शाळांनी गल्ल्याविना दुपार कशी असते ते पाहिलं होतं. कॅलिफोर्निया आणि मेन यांनी ती सवय कायद्यात उतरवली. मग कोलोरॅडो, मिनेसोटा, न्यू मेक्सिको, व्हरमाँट, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स. २०२५-२६ पासून न्यूयॉर्क. कोलोरॅडोत तर मतदारांनीच कौल देऊन तीन लाख डॉलरांहून जास्त कमावणाऱ्यांच्या करसवलतीवर हा बोजा टाकला. मिनेसोटात २०२३ मध्ये योजना सुरू होताच जेवणारी मुलं इतकी वाढली, की सरकारचा खर्चाचा अंदाज चुकला.

‘श्रीमंतांच्या पोरांना कशाला फुकट?’ हा आक्षेप तिथेही आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. पैसा लागतोच. दुसरी अडचण कमी चर्चेतली: शाळेत गरीब मुलं किती, हे याच अर्जांवरून मोजून इतर अनुदानं वाटली जात. जेवण सगळ्यांना मोफत झाल्यावर अर्ज कोण भरणार? राज्यांना आता गरिबी मोजायची दुसरी पद्धत बसवावी लागतेय. त्यात २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं अन्नसाहाय्याच्या अटी कडक केल्या, म्हणजे आपोआप पात्र ठरणारी मुलंही घटणार. स्थानिक शेतकऱ्यांकडून माल घ्यायला शाळांना मिळणारं अनुदानही त्याच वर्षी थांबवलं गेलं.

आपल्याकडे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला, तेव्हापासून सरकारी आणि अनुदानित शाळांत खिचडी सगळ्यांना एकसारखी. बापाचा पगार कुणी विचारत नाही. म्हणून फुशारकी मारायचं कारण नाही. ज्यांना परवडतं त्यांनी ती शाळाच सोडली. आपला भेद शाळेच्या फाटकापाशी होतो, तिथला गल्ल्यापाशी. अमेरिकेत डॉक्टरचं आणि ट्रकचालकाचं मूल अजूनही बऱ्याच गावांत एका बाकावर बसतं, आणि म्हणूनच तिथला गल्ला इतका टोचतो.

मिसिसिपी नदीकाठच्या सेंट पॉलमधलं मूल आज न विचारता जेवतं. पूर्वेला अर्ध्या तासावर सेंट क्रॉय नदी ओलांडली की विस्कॉन्सिन, आणि तिथे राज्याचा असा कायदा नाही. दोन्हीकडची मुलं तोच पिझ्झा खातात, त्याच संघराज्याचं दूध पितात. संसदेनं शालेय भोजनाचा पूर्ण फेरविचार शेवटचा केला तो २०१० मध्ये. त्याची मुदत २०१५ ला संपली आणि त्यानंतर कुठल्याही पक्षाच्या सत्तेत नवा कायदा झालेला नाही. निर्णय राज्यांवर सोडून दिला आहे, १९४६ मध्ये रसेल यांना हवा होता तसाच. तेव्हा त्या मोकळिकीतून मुलं वगळली गेली, आज काही राज्यं तीच वापरून त्यांना आत घेतायत. पण मुलानं जेवावं की नाही हे तो कुठल्या काठाला जन्मला यावर ठरत असेल, तर त्याला धोरण म्हणायचं कशाला? नऊ राज्यांनी गल्ला उठवून दाखवला आहे. बाकीच्यांना आता तो का ठेवायचा, याचं उत्तर द्यावं लागेल.